भिंतीत मोडलेला नळ

कर्जतच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. सिमेंट, पत्रे, रंग, खिळे, साखळ्या सगळं विकतो, पण गिऱ्हाइकाचा चेहरा खरोखर पडलेला दिसतो तो बाथरूमचा नळ मोडला की. प्लास्टिकच्या पिशवीतून नळाचा पुढचा भाग निघतो, काउंटरवर येतो आणि मागोमाग प्रश्न : "ताई, शेपूट भिंतीतच राहिलं. आता टाइल्स फोडायच्या का?"

बहुतेक वेळा फोडायला लागत नाहीत. कडाव, कशेळे, नेरळ, चौक, खोपोली या सगळ्या पट्ट्यातले प्लंबर आमच्याकडे येतात. कुणी काय कसं सोडवलं ते रोज कानावर पडतं, कधी जाऊन पाहायलाही मिळतं. त्यावरून सांगते, भिंत फोडायचा निर्णय जवळजवळ नेहमी घाईत होतो. एका नळापायी चार टाइल्स जातात. तसल्याच टाइल्स पुन्हा बाजारात मिळत नाहीत, म्हणून अख्खी भिंत उतरवली जाते. भिंत उतरवली की वॉटरप्रूफिंगचं बघावं लागतं. दुपारपर्यंत आटपणारं काम पंधरवडाभर लांबतं आणि घरातली म्हातारी माणसं तेवढे दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातात.

नळ अडकतो कशामुळे, हे कळलं की तो काढायचा कसा हे निम्मं कळलं. भिंतीत एल्बो असतो, त्याला आतून आटे. नळाच्या शेपटीला बाहेरून आटे. आपण ज्याला अर्धा इंची म्हणतो, त्या शेपटीचं आट्यांवरून माप घेतलं तर ते जवळपास २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्याही वर भरतं. अर्धा इंच हे पाइपाच्या आतल्या पोकळीचं जुनं माप. एका इंचात चौदा आटे. स्क्रूच्या आट्यांना सगळीकडे एकच माप असावं, हा प्रस्ताव इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरने १८४१ मध्ये मांडला आणि पाइपाच्या आट्यांचं आपल्याकडे चालणारं माप त्याच घराण्यातलं. त्याचा फायदा आपल्याला आजही होतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या एल्बोत आजच्या कुठल्याही कंपनीचा नळ बसतो. म्हणून जुना एल्बो वाचवण्यात अर्थ आहे.

आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंतींत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत, ज्यांना सगळे जीआय म्हणतात. खोपोलीत तर साठच्या दशकात झेनिथ कंपनीचा पोलादी पाइपांचा कारखाना आला. पाइप हा खालापूर तालुक्याच्या रोजच्या बोलण्यातला विषय. वडिलांनी मला हिशेब लिहायला शिकवायच्या आधी पाइपावरचे रंगीत पट्टे ओळखायला शिकवलं. पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. भारतीय मानकात अर्ध्या इंची मध्यम पाइपाची जाडी २.६ मिलिमीटर धरलेली आहे, हलक्याची २. आता त्यावर आटे पाडले की प्रत्येक आटा साधारण १.१६ मिलिमीटर खोल जातो. राहिलं किती? मध्यम पाइपात दीड मिलिमीटरहून कमी, हलक्यात एक मिलिमीटरसुद्धा नाही. नवा कोरा असतानाची ही गोष्ट. त्यावर पंचवीस-तीस वर्षं पाणी वाहिलं की पाइप नेहमी आट्यांपाशीच का तुटतो, हे कुणी वेगळं सांगायला नको.

पितळी नळ लोखंडी एल्बोत बसवला की आणखी एक गोष्ट सुरू होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये पाणी, म्हणजे एक बारीकशी बॅटरीच. या जोडीत झिजायचं काम जस्ताच्या वाट्याला येतं, जस्त संपलं की लोखंडाच्या. पितळ जसंच्या तसं. बाहेरून नळ चकचकीत आणि आत एल्बो पोखरलेला, असं दिसतं ते म्हणून. त्यात गंजाची खोड अशी की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत फुगायला जागाच नसते, तेव्हा तो दोन्ही बाजूंना दाबून बसतो. मिस्त्री "नळ धरलाय" म्हणतात, ते शब्दशः खरं आहे.

पाण्याचा गुणही पाहायला हवा. नदीचं पाणी येतं त्या घरांत क्षारांचा त्रास त्या मानाने कमी. फार्महाउसचं सगळं निराळं. तिथे बोअरवेल, काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शॉवरच्या जाळीवर आणि नळाच्या गळ्याशी पांढरी पुटं चढतात. गिझरच्या बाजूला जास्त, कारण पाणी तापलं की क्षार खाली बसतात. शिवाय ही घरं शनिवार-रविवारची. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बंद घरात हवा ओली राहते, कॉक एकाच जागी उभा राहतो आणि जागच्या जागी धरतो. रोज वापरातला नळ त्यामानाने कमी अडकतो. शहरातल्या मंडळींना याचं आश्चर्य वाटतं : "वापरलाच नाही, तर खराब कसा झाला?" वापरला नाही म्हणूनच झाला.

दहिवलीत आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना बादली उचलवेना, म्हणून बाथरूममध्ये मिक्सर आणि हातशॉवर बसवायचं ठरलं. पहिल्या आलेल्या माणसाने जुना नळ फिरवून पाहिला, हलेना, म्हणून पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घालून जोर दिला. नळ भिंतीच्या तोंडाशीच मोडला. तो "उद्या ब्रेकर घेऊन येतो" म्हणून गेला आणि काकूंनी मला फोन केला. मी ज्यांना घेऊन गेले ते आमच्याकडचे जुने प्लंबर, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी पिशवी उघडली, पण पाना काढला नाही. "ताई, बॅटरी धरा," एवढंच म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. "मामा, भिंत नका हो फोडू. ह्यांनी स्वतः जाऊन आणलेल्या टाइल्स आहेत."

"नाय फोडत काकू. टाकीचा कॉक बंद केलाय ना? खालचा नळ सोडा, पाइपातलं पाणी जाऊ द्या. आणि गिझरचं बटन बंद करा, नुसतं नको, पिनच काढा."

बॅटरीच्या उजेडात एल्बोच्या तोंडात पितळेचं एक कडं दिसत होतं. बाकी सगळं गंजाने तांबूस. मामांनी हॅक्सॉचं ब्लेड मधोमध तोडलं, एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केली आणि ब्लेड त्या कड्याच्या आत घातलं. मग हलक्या हाताने मागेपुढे. जोर अजिबात नाही. पितळ मऊ, ब्लेड त्यात सहज उतरतं. अवघड आहे ते थांबायचं कुठे हे कळणं. एक घास जास्त गेला तर ब्लेड एल्बोच्या आट्यांत शिरणार आणि तिथून कायमची गळती. मामांनी मला खाली डाव्या तळहातावर पांढरा कागद धरायला लावला. कागदावर पिवळा भुसा पडत होता. काही वेळाने त्यात करड्या रंगाचे कण दिसायला लागले. मामा तिथेच थांबले. पिवळं म्हणजे नळ, करडं म्हणजे एल्बो.

शेजारीच, अर्ध्या पेराच्या अंतरावर, दुसरी खाच पाडली. दोन खाचांच्या मधली पितळेची पट्टी आता दोन्ही बाजूंनी सुटी होती. तिच्या कडेला बारीक छिन्नी टेकवून मामांनी हातोडीने टिचकी दिल्यासारखं मारलं, आतल्या बाजूला, पोकळीकडे. पट्टी वाकली आणि नोज प्लायरने ओढल्यावर हातात आली. एवढं झालं आणि उरलेल्या कड्याची पकडच गेली. सगळा जोर त्या पूर्ण वर्तुळाचा होता. वर्तुळ तुटल्यावर कडं आत आकसलं आणि प्लायरने फिरवताच निघालं. मागे जुन्या सुताचे धागे आणि वाळलेला सफेदा. मामांनी तारेच्या ब्रशने आटे साफ केले, आटे पाडायचा अर्धा इंची टॅप हाताने अलगद फिरवून घेतला, मग काकूंना टाकीचा कॉक क्षणभर सोडायला सांगितलं. भिंतीतून तांबडं पाणी भसकन बादलीत आलं, खपल्या आणि भुसा घेऊन. हा कचरा आधी काढला नाही तर तो थेट नव्या मिक्सरच्या जाळीत जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी "मिक्सर खराब दिलात" म्हणून आमच्या दुकानात तक्रार येते.

यासाठी बाजारात एक हत्यारही मिळतं, एक्स्ट्रॅक्टर. निमुळतं, उलट्या आट्यांचं. मोडलेल्या तुकड्यात घालून डावीकडे फिरवलं की ते आत रुतत जातं आणि तुकड्याला बरोबर घेऊन फिरतं. नळ नुकताच मोडला असेल, आटे फार धरलेले नसतील, तर पाच मिनिटांत काम होतं. आम्ही ते विकतो आणि हौसेने घेणाऱ्याला एकच सांगतो : हातोडीने ठोकून बसवू नका. पितळेचं कडं पातळ असतं, आतून ठोकलं की ते फाकतं आणि एल्बोत आणखी आवळून बसतं. काही मिस्त्री कानशीचं टोकदार शेपूट ठोकून तेच काम करतात, त्यातही धोका हाच.

ज्या पान्याने काकूंचा नळ मोडला तो पाइप पाना मुळात फार हुशारीने बनवलेलं हत्यार आहे. अमेरिकेत डॅनियल स्टिल्सन नावाच्या माणसाने तो शोधला, १८७० मध्ये त्याचं पेटंट झालं. त्याची गोष्ट सांगतात ती अशी की वॉलवर्थ कंपनीत त्याने लाकडी नमुना दाखवला, तेव्हा मालक म्हणाले, खरा बनवून आण आणि पाइपावर लाव. एक तर पाइप पिळून तुटेल, नाहीतर तुझा पाना मोडेल. पाइप तुटला. पान्याचे दात जितकं ओढाल तितके जास्त चावतात, हीच त्याची करामत. पण पाइप तोडून दाखवणं हीच ज्याची पहिली परीक्षा होती, ते हत्यार भिंतीतल्या गंजक्या पाइपावर लावताना हात आखडता घ्यायला हवा. दीड फुटी पान्याच्या टोकाला माणसाने वीस किलोचा जोर दिला आणि दांड्यात पाइप घालून तीच लांबी तीन फूट केली, तर आट्यांवरचा पीळ दुप्पट होतो. समोर उरलेलं लोखंड दीड मिलिमीटरहून कमी. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं.

मोडायच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं वाट पाहणं आहे. गंज भेदणारं तेल स्प्रेच्या डब्यात मिळतं. जुने मिस्त्री रॉकेल नाहीतर डिझेल वापरायचे. नळाच्या मागची फ्लँज सरकवून आट्यांच्या तोंडाशी ते सोडायचं, हातोडीच्या लाकडी मुठीने नळावर चहूकडून हलकेच ठोकायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. ठोकण्याने गंजाला बारीक तडे जातात, तेल त्यातून आत उतरतं. सकाळी पाना लावून आधी किंचित आवळायचं, हो, आवळायचं, आणि मग सैल करायचं. आवळताना गंजाची पकड तुटते. कट्‌ असा बारीक आवाज आला की अर्धं काम झालं. मग थोडं सैल, थोडं परत, पुन्हा सैल. एका दमात काढायला गेलं की निघालेला गंज आट्यांतच गोळा होतो.

तरीही हलला नाही तर शेक. लोणच्याच्या बरणीचं झाकण गरम पाण्याखाली धरतो तोच प्रकार, पण इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. पितळ तापल्यावर लोखंडापेक्षा दीडपटीहून जास्त फुगतं. नळ पितळी आणि बाहेरचा एल्बो लोखंडी असेल तर गरम असताना तो उलट जास्त आवळतो. म्हणून शेकायचं, निवू द्यायचं आणि मग फिरवायचं. तापताना गंज चुरडतो, निवताना पितळ जास्त आकसतं आणि केसाच्या जाडीहूनही कमी अशी फट पडते. तेवढी पुरते. ही फट तेलालाही वाट देते. मात्र आधी रॉकेल किंवा स्प्रे मारला असेल तर ते पुसून, वाळवून, खिडकी उघडून मगच ज्योत लावावी. टाइलच्या अगदी जवळ ज्योत गेली तर टाइल तडकते, त्यामुळे मध्ये ओलं फडकं हवं. आणि हे काम शिकलेल्या माणसाचंच. घरी करून पाहण्यासारखं नाही.

क्षारांनी धरलेल्या नळाला मात्र आगीची गरज नाही. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं नळाच्या गळ्याभोवती गुंडाळून ठेवावं, तासाभराने धुवावं, लागलं तर पुन्हा करावं. टाइल्स धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही वापरू नये. ते क्षाराबरोबर क्रोमचा मुलामा आणि पाइपावरचं जस्तही खातं. ब्लीचिंग पावडर किंवा तसलं क्लीनर आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बाथरूमची जागा केवढीशी असते. घरात ही दोन्ही जवळजवळ ठेवणाऱ्यांना मी दरवेळी टोकते.

नव्या घरांत लोखंड गेलं, सीपीव्हीसीचे पिवळट पाइप आले. त्यांना गंज नाही, पण अडकण्याची गोष्ट संपलेली नाही. प्लास्टिकच्या एल्बोत पितळी आट्यांची रिंग बसवलेली असते. नळ अती आवळला की काढताना ही रिंगच प्लास्टिकमध्ये गरगर फिरते. नळ फिरतोय, बाहेर येत नाही, म्हणजे हेच समजावं आणि तिथेच थांबावं. इथे शेकण्याचा प्रश्नच येत नाही, पाइप मऊ होऊन मान टाकतो. अशा वेळी भिंत उघडावी लागते आणि ती उघडायला हरकत नाही. लोखंडी एल्बो स्वतः चिरला असेल, पान्याबरोबर भिंतीतला पाइपच हलत असेल किंवा भिंतीच्या पलीकडच्या बाजूला ओल दिसत असेल, तेव्हाही मी फोडाच म्हणते, आणि फोडलीच तर एक एल्बो बदलून भागवू नका, ती सगळी लाइन नवी टाका.

या सगळ्याचं मूळ मला दिसतं ते नळ बसवतानाच्या अती आवळण्यात. "गळायला नको" म्हणून लोक मिस्त्र्याला आणखी आवळायला लावतात. घरातल्या पाण्याला इतका जोर असतो का? आमच्या भागात हे समजावणं सोपं आहे, कारण खऱ्या दाबाचे पाइप आमच्या डोळ्यांसमोर आहेत. लोणावळ्याच्या बाजूच्या धरणांचं पाणी टाटांनी घाटातून पाइपांनी खोपोलीत उतरवलं आणि १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली. आमच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र १९२२ चं. खोपोलीला पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली येतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो. म्हणजे पायथ्याशी पन्नास किलोच्या घरात. आणि आपल्या गच्चीवरची टाकी? बाथरूमच्या नळापासून पाच-सहा मीटर उंच. दाब अर्धा किलो, फार तर थोडा जास्त. प्रेशर पंप बसवलेल्या बंगल्यातही दोन-तीन किलोच्या आसपासच. एवढ्या पाण्याला अडवायला पैलवान लागत नाही.

अडवायचं काम टेफ्लॉनच्या पांढऱ्या टेपचं. हा पदार्थ अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये सापडला, तोही दुसरंच काही शोधताना. टेप आट्यांच्या फटी भरते, म्हणून गळती थांबते, आणि तिला जवळजवळ काहीच चिकटत नाही, म्हणून पुढे कधी काढायची वेळ आली तर आटे फिरतातही. सुतावर सफेदा लावून बसवलेले जुने सांधे पाण्याला पक्के असत, यात वाद नाही, पण वाळल्यावर ते सुटता सुटत नाहीत. टेप गुंडाळायची पद्धत आहे : शेपटीचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताण देऊन, आट्यांत बसेल अशी. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना ती उसवत जाते. नळ आधी हाताने जाईल तेवढा बसवायचा, नंतर पान्याने एखादा-दीड फेरा. तोंड तिरकं राहिलं तर सरळ करायला मागे फिरवायचं नाही, टेप तिथेच फाटते आणि गळती सुरू होते. पूर्ण काढून, दोन वेढे कमी-जास्त करून पुन्हा बसवायचा. हे करायला मिस्त्र्याला पाच मिनिटं जास्त लागतात. ती द्यावीत.

घरात काम निघालंच आहे तर दोन गोष्टी करून घ्या. प्रत्येक बाथरूमचा वेगळा कॉक बाहेर, हात पोहोचेल अशा जागी बसवा. तो दर महिन्याला एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. फार्महाउसवर येणाऱ्यांनी तर आल्या दिवशी सगळे कॉक आणि नळ फिरवावेत. आणि टाइल्स लागण्याआधी, पाइप उघडे असताना, भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा. जमिनीपासून किती उंचावर, कोपऱ्यापासून किती अंतरावर काय आहे ते त्यात दिसलं पाहिजे. फोटो मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही, मोबाइल बदलतात. छापून घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या मिस्त्र्याला तो नकाशाच्या मोलाचा आहे.

आता शेवटचं, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. काकूंचा मिक्सर त्याच दिवशी बसला, एकही टाइल न फुटता. मामांची मजुरी द्यायच्या वेळी काकूंचा भाचा म्हणाला, "एवढुशा कामाचे इतके?" त्याचा उद्देश वाईट नव्हता, असं म्हणणारे मला रोज भेटतात. भिंत फोडली असती तर फोडणावळ, डेब्रिज, गवंडी, टाइल्स, ग्राउट, सगळ्याचे पैसे आपण निमूट मोजले असते, कारण ते काम डोळ्यांना दिसतं. भिंत वाचवणाऱ्याचं काम दिसत नाही, म्हणून त्याच्याशी घासाघीस होते. मग तरुण मुलं काय शिकणार? ब्रेकर भाड्याने आणायला. ब्लेडचा तुकडा आणि पांढरा कागद घेऊन बसणारी माणसं कर्जत-खालापुरात आता थोडीच उरली आहेत आणि त्यांच्याकडे शिकायला येणारी मुलं त्याहून थोडी. तेव्हा प्लंबरला बोलावताना आधीच ठरवा : भिंत न फोडता काम झालं, तरी फोडल्यावर दिली असती तेवढी मजुरी पूर्ण द्यायची. आणि ती तशी द्या.